नदीचा तळ लागतो तेव्हा...

नॉटिंगहॅममधला एक उन्हाळा, एक रिटायर्ड आजोबा आणि भोकं पाडलेली एक प्लास्टिकची डबी. ऑनसाइट आलेल्या नवऱ्यामागे गेलेल्या एका पुणेरी मुलीला नदी कशी भेटली, त्याची ही गोष्ट.

ट्रेंट ब्रिज म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? 2007 ची ती टेस्ट, पिचवर टाकलेल्या जेलीबीन्स आणि त्या रागात आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं दुसऱ्या डावात काढलेल्या 5 विकेट्स. थोडे सीनियर असाल तर 1996 मधले सचिनचे 177. मलाही तेवढंच माहीत होतं. त्या नावातली ट्रेंट ही एक खरीखुरी नदी आहे आणि ग्राउंडमधून बाहेर पडून चार पावलं टाकली की ती समोर वाहताना दिसते, हे तिथे राहायला गेल्यावर कळलं.

2024 च्या वसंतात नवऱ्याचा प्रोजेक्ट नॉटिंगहॅमला लागला. सहा महिन्यांचं ऑनसाइट. तो सकाळी आठला लॅपटॉप पाठीवर टाकून जायचा आणि मी दुसरा लॅपटॉप घेऊन घरात. फ्रीलान्स जर्नलिस्ट असण्याचा फायदा असा की काम कुठूनही करता येतं. तोटाही तोच. पुण्यातले एडिटर जेवायला उठायचे तेव्हा माझी सकाळ सुरू व्हायची, आणि ते घरी निघाले की मला पुरवणीसाठी सुचायला लागायचं. दुपारनंतर काम संपलेलं, बोलायला कोणी नाही, आणि जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतो साडेनऊला! मग मी नदीवर जायला लागले. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटला नदीकाठी लांबच लांब दगडी पायऱ्या आहेत. आपल्या घाटासारख्याच, फक्त देऊळ नाही आणि भेळेची गाडी नाही.

कोर्स म्हणजे सिलॅबस नव्हे

16 जून, रविवार. एरवी रिकाम्या असणाऱ्या त्या पायऱ्यांवर सकाळपासून माणसंच माणसं. हिरव्या छत्र्या, खुर्च्या, थर्मास, आणि प्रत्येकासमोर एक लांब काठी. दिवाळी पहाट असावी तसा माहौल. मी एका आजोबांना विचारलं, आज काही स्पर्धा आहे का?

"अय अप, मी डक," ते म्हणाले. (नॉटिंगहॅममध्ये समोरच्याला प्रेमानं 'बदक' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की दचकायला होतं, नंतर कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.) "आज नदी उघडली."

म्हणजे कसंय, इंग्लंडमधल्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून हे मासे धरायला बंदी असते. विणीचा हंगाम. 16 जूनला ती उठते आणि अख्ख्या देशातले गळवाले काठावर हजर होतात. या माशांना तिकडे 'कोर्स फिश' म्हणतात. कोर्स म्हणजे सिलॅबस नव्हे, कोर्स म्हणजे खडबडीत, रांगडा. सामन आणि ट्राउट हे गोड्या पाण्यातले उमराव मासे. त्यांच्यासाठी महागडे पट्टे, ट्वीडचे कोट वगैरे. बाकी उरलेले रोच, ब्रीम, चब, बार्बेल हे सगळे रांगडे. ते खाण्याची फारशी पद्धत नाही. धरायचे, कौतुकानं बघायचे आणि परत पाण्यात सोडायचे. गिरणीत, खाणीत, कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्यांचा हा रविवारचा खेळ. आजोबाही त्यातलेच. आयुष्यभर कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात फिटर, आता पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले.

इथे एक सांगून टाकते. आमच्या घरात मीन ही फक्त रास. त्यामुळे धरलेला मासा सोडून देतात हे ऐकून माझा अर्धा संकोच गेला. उरलेला अर्धा त्या डबीनं घालवला.

डबीची करामत

आजोबांच्या हातात प्लास्टिकची एक छोटी नळी होती. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्म रोलची डबी आठवतेय? तेवढीच. अंगभर भोकं, दोन्हीकडे झाकण आणि एका बाजूला शिशाची पट्टी. हिला म्हणतात स्विमफीडर. गळाच्या वर, दोरीवर ही बसवतात. आत भरायच्या जिवंत अळ्या (हो, ईऽऽ! मीही तेच म्हटलं) आणि शिजवलेल्या भांगेच्या बिया. दचकू नका, बियांना नशा नसते. उत्तराखंडात याच बियांची चटणी करतात. उकळल्या की त्या काळ्या बिया उकलतात आणि आतून पांढरा कोंब डोकावतो. माशांना तो भारी आवडतो.

डबी पाण्यात तळाशी बसली की अळ्या वळवळत भोकांतून बाहेर पडतात, बिया सांडतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. गळाची दोरी फीडरपासून दोन-तीन फूट लांब ठेवलेली असते, तीही त्याच धारेत तरंगते. खालच्या अंगाला असलेल्या माशाला वाहत येणारा खाऊ लागतो, तो त्या मागावर वर वर येतो आणि शेवटी गळाच्या आमिषापाशी पोहोचतो. साध्या वाहत्या नदीत हातानं चारा फेकला तर तो कुठल्या कुठे जातो. फीडर तो नेमका तळाशी, नेमका गळाच्या शेजारी पोहोचवतो. टार्गेटेड मार्केटिंगच म्हणा ना!

पण खरी गंमत त्याच्या आधीची आहे. पहिल्या दिवशी आजोबांनी गळ बांधलाच नाही. नुसतं शिशाचं वजन बांधून त्यांनी ते नदीच्या मध्यावर फेकलं, मनात आकडे मोजले, मग रॉड माझ्या हातात दिला. "आता हळूहळू ओढ. डोळे मिट."

मी डोळे मिटले. आधी काहीतरी मऊ, जड, चिखलात पाय रुतावा तसं. "गाळ," आजोबा. मग दोरी अडकतेय-सुटतेय असं. "शेवाळ, पाणवनस्पती." आणि मग अचानक रॉडमधून, मनगटातून थेट कोपरापर्यंत आलं, टक... टक... टकटकटक.

"गोटे," ते खूश होऊन म्हणाले. "स्वच्छ गोट्यांचा पट्टा. बार्बेल तिथे राहतो."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. दहा फूट गढूळ पाण्याखाली काय आहे ते मला हातानं दिसत होतं. अंधारात भिंत चाचपडत आपलंच घर ओळखावं, तसं.

सैल सोडलं की टिकतं

नंतरचे तीन महिने मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याबरोबर जात होते. तेराच्या वरच्या प्रत्येकाला लागतं ते सरकारी रॉड लायसन्स ऑनलाइन काढलं. त्यांच्या क्लबचा एक पट्टा शहराबाहेर वरच्या अंगाला होता, तिथे पाहुणी म्हणून बसायची परवानगी मिळाली. गुडघ्यांमुळे त्यांना सामान उचलवत नव्हतं. मी हमाल, ते गुरुजी. नवरा एकदा आला, दोन तास बसला, मेल चेक करत राहिला आणि म्हणाला, "यात होतं काय नेमकं?"

होतं काय? दर पाच मिनिटांनी फीडर ओढून घ्यायचा, भरायचा, परत त्याच जागी टाकायचा. त्याच म्हणजे अगदी त्याच. समोरच्या काठावरचं एक झाड धरायचं आणि रीळवरच्या क्लिपमध्ये दोरी अडकवून अंतर पक्कं करायचं. इकडे एक, तिकडे एक असं टाकत राहिलं तर मासे विखुरतात. पहिला तासभर काहीही घडत नाही. आपण फक्त तळाशी पंगत वाढत असतो, पाहुणे नंतर येतात. एका मेलला उत्तर आलं नाही की दुसऱ्या एडिटरला दुसरा विषय पाठवणाऱ्या माझ्यासारखीला हे फारच झेपायला अवघड होतं. पण पाऊण तासानं रॉडच्या टोकाला पहिली थरथर यायची आणि सगळं पटायचं.

सगळ्यात मजेशीर शिकवण वजनाची. नवशिक्याला वाटतं, प्रवाह जोरात आहे, फीडर घसरतोय, मग वजन वाढवा. आजोबा उलटं सांगायचे. वजन जेमतेम धरेल एवढंच हवं. रॉड उंच उभा ठेवायचा, म्हणजे कमीत कमी दोरी पाण्यात राहते. आणि फीडर तळाला टेकला की रीळमधून थोडी दोरी मुद्दाम सैल सोडायची. दोरीला प्रवाहाबरोबर धनुष्यासारखा बाक येतो, आणि मघाशी घसरणारा तोच फीडर जागच्या जागी बसतो. ताणून धरलं की सुटतं, सैल सोडलं की टिकतं. आणि जेमतेम टिकलेला असल्यामुळे माशानं ओढ दिली की तो लगेच उचकटतो, वाकलेलं टोक झटकन सरळ होतं आणि आपल्याला कळतं, कोणीतरी आलंय.

मला रोच मिळाले, चिकट अंगाचे ताटलीएवढे ब्रीम मिळाले, मोठ्या तोंडाचा एक चब मिळाला. बार्बेल मात्र नाही. परतीची तिकिटं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची होती.

25 जुलै

त्या गुरुवारी सकाळी उठले तर फोनवर 84 मेसेज. पुण्यात रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलेलं. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या ग्रुपवरच्या व्हिडिओत आमचं पार्किंग दिसत होतं; म्हणजे दिसत नव्हतंच, चहाच्या रंगाचं पाणी दिसत होतं आणि त्यात बाबांच्या स्कूटरचा आरसा. वीज गेलेली, आई-बाबांचे दोन्ही फोन बंद. लष्कराचे जवान लोकांना बाहेर काढतायत अशा बातम्या. आपण सात हजार किलोमीटरवर बसून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश.

दुपारी एकदाचा शेजारच्या काकांच्या फोनवरून बाबांचा आवाज आला. "आम्ही ठीक आहोत गं. वरच्या जोशीकाकूंकडे पोहे झाले." मी इतकी रडले की नवऱ्याला मीटिंग सोडून घरी यावं लागलं.

संध्याकाळी पाय आपोआप नदीकडे वळले. आजोबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला, पण विचारलेले प्रश्न वेगळेच होते. नदीची रोजची पातळी किती असते? तुझ्या घराजवळ ती कुठल्या बाजूला वळते? पूर्वी तिचं पात्र कुठवर होतं? ते स्वतः रोज सकाळी ट्रेंटची पातळी बघायचे, लोक सेन्सेक्स बघतात तशी. त्याच वर्षी जानेवारीत हेंक वादळानंतर ट्रेंटही काठ सोडून शेतांत, घरांत शिरली होती. 1947 च्या महापुराच्या गोष्टी ते आईकडून ऐकत मोठे झाले होते, जसे आम्ही आजीकडून 1961 च्या पानशेतच्या.

मला त्यांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. सबंध आयुष्य मुठेच्या काठावर काढलेलं, कॉलेजला जाताना भिडे पुलावरून हजारदा गाडी मारलेली. ती गटारासारखी वास मारते आणि पावसाळ्यात पूल बुडवते, यापलीकडे माझ्याकडे तिची काही माहिती नव्हती. ट्रेंटचा शंभर मीटरचा तळ मात्र मला सव्वा महिन्यात पाठ झाला होता.

"ही पण अशीच होती," आजोबा पाण्याकडे बघत म्हणाले. "मी पोरगा होतो तेव्हा हिच्यात हात घालायची हिंमत नव्हती."

ते खरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ट्रेंट ही इंग्लंडमधल्या सर्वांत घाणेरड्या नद्यांपैकी एक होती. बर्मिंगहॅम, स्टोक, डर्बी, सगळ्यांची घाण हिच्यात यायची. पुढे सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रं सुधारली, जुने कारखाने बंद पडले, उरलेल्यांवर कायदे आले, आणि मासे हळूहळू परतले. काठावर वीजकेंद्रं इतकी, की या खोऱ्याचं टोपणनावच पडलं 'मेगावॉट व्हॅली'. त्यांच्या कोमट पाण्यामुळे हिवाळ्यातही मासे गळाला लागायचे, म्हणून 70-80 च्या दशकांत इथे स्पर्धांची चंगळ होती. आजही सगळं गोड नाही. जोराचा पाऊस झाला की इंग्लंडमध्येही प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नद्यांत सोडलं जातं, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्यांत हे गळवालेच असतात. कारण त्यांना ते आधी कळतं. गोट्यांवर गाळ बसला की टकटक ऐकू येणं थांबतं.

पुण्याचा बार्बेल

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी नेटवर बसले आणि एक धमाल गोष्ट सापडली. कर्नल सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचा अभ्यास केला होता. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत त्याला एक दांडगा मासा मिळाला. 1839 मध्ये त्यानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, 'बार्बस खुद्री'. बार्बस म्हणजे बार्बेलचंच कूळ! आपल्याकडचा महसीर तो. आता शास्त्रज्ञ त्याला 'टोर खुद्री' म्हणतात, पण बारसं झालं ते बार्बेलचा भाऊ म्हणून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून याच महसीरची पिल्लं वाढवतंय.

आजोबांना सांगितलं तेव्हा वीजकंपनी मासे वाढवते यावर ते जाम खूश झाले. आणि मग विचारलं, "मग आता आहेत का तुझ्या नदीत?"

शहरातल्या मुठेत? मी नुसती मान हलवली.

शेवटचा आठवडा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही क्लबच्या पट्ट्यावर बसलो होतो. लांबवर रॅटक्लिफच्या वीजकेंद्राचे आठ कूलिंग टॉवर दिसत होते. ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं ते शेवटचं केंद्र 30 सप्टेंबरला कायमचं बंद होणार होतं. आजोबांचे काही दोस्त अजून तिथे होते. त्यावर ते फार बोलले नाहीत. "हवा बरी होईल," एवढंच म्हणाले आणि फीडर भरत राहिले.

साडेसहाला, उजेड मलूल होत असताना, माझ्या रॉडचं टोक सरळ झालं नाही की थरथरलं नाही. अख्खा रॉड स्टँडवरून उचलला गेला! मी दोन्ही हातांनी धरला. पुढची दहा मिनिटं मी काही विचार केला असेल तर आठवत नाही. तो मासा वर येतच नव्हता. तळाला चिकटून, प्रवाहाच्या विरुद्ध, एखाद्या हट्टी बैलासारखा ओढत होता. आजोबा शेजारी उभे राहून एकच सांगत होते, "जाऊ दे त्याला. दोरी दे. जाऊ दे."

जाळ्यात आला तेव्हा मी पहिल्यांदा बार्बेल बघितला. जुन्या पितळी समईच्या रंगाचं अंग, नारिंगी झाक असलेले पर, खाली वळलेलं तोंड आणि त्याला चार मिशा. गोटे चाचपून अन्न शोधायला त्या मिशा. म्हणजे तोही तळ हातानंच बघतो की!

सात पौंड, म्हणजे तीन किलोच्या वरच. फोटो एकच काढला, कारण खरं काम पुढे होतं. बार्बेल शेवटचा श्वास संपेपर्यंत झुंजतो. दमलेला तसाच सोडला तर उलटा होऊन मरतो. त्याला पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी अलगद धरून ठेवायचं. कल्ल्यांतून पाणी जाऊ द्यायचं. किती वेळ? तो सांगेल तेवढा वेळ. मी गुडघाभर गार पाण्यात ओणवी उभी राहिले. पाठ भरून आली, बोटं बधिर झाली. हातातला तो जीव आधी नुसता पडून होता, मग कल्ले नीट हलायला लागले, मग शेपटीत जोर आला. सात-आठ मिनिटांनी त्यानं एक झटका दिला आणि माझ्या तोंडावर पाणी उडवून तो गेला.

निघताना आजोबांनी त्यांचा एक जुना फीडर माझ्या हातात ठेवला. "गळ नको बांधूस," म्हणाले. "नुसतं बघ."

टक

पुण्याला आल्यावर एका रविवारी सकाळी मी बाबांना घेऊन विठ्ठलवाडीच्या घाटावर गेले. लहानपणी ते तिथे पोहायचे. काठावर माणसं गळ टाकून बसायची आणि कधीकधी हातभर मासा निघायचा, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं आणि त्यांना सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

नायलॉनच्या दोरीला रिकामा फीडर बांधून मी पाण्यात फेकला आणि हळूहळू ओढायला लागले. गाळ. मग गाळ. मग काहीतरी लडबडलं, ती प्लास्टिकची पिशवी निघाली. परत फेकला. परत गाळ. दोन पोरं बाजूला येऊन उभी राहिली, "काकू, काय हरवलंय का?" (काकू! असो.) सातव्या-आठव्या वेळेला मी फीडर जरा वरच्या अंगाला, पाणी जिथे उथळ होऊन थोडं खळखळत होतं तिथे टाकला.

टक.

मी दोरी बाबांच्या हातात दिली. "डोळे मिटा. हळूहळू ओढा."

त्यांनी डोळे मिटले. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दगड आहेत गं खाली अजून."